कूट आणि कुट्टू

“माताजी, बिना दानेवाले साहब बालकनी में खड़े थाली बजा रहे हैं. बोल नहीं पा रहे,” बन्सी फोनवर सांगत होता.

नवरात्रातली अष्टमी होती. दुपारचे डबे गेले होते आणि मी दिल्लीत मुनीरक्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात नुकती खाली बसले होते. बन्सी माझे डबे पोचवतो. बिना दानेवाले साहब म्हणजे ताम्हणकर, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात राहणारे सेक्शन ऑफिसर. बायको पुण्यात शाळेत शिकवते, हे इथे एकटे. त्यांना शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पित्त होतं असं नाही. घसा आतून सुजतो आणि श्वास बंद पडतो.

“तू कहाँ है अभी?” मी विचारलं.

“नीचे. स्कूटर स्टार्ट नहीं हो रही थी, इसलिए खड़ा था. तभी थाली की आवाज आई.”

“स्कूटर छोड़, ऊपर जा. ऑटो में डालके अस्पताल ले जा. मैं सीधी वहीं आती हूँ.”

फोन ठेवून मी ओट्याकडे पाहिलं. ताम्हणकरांची बिनकुटाची साबुदाणा खिचडी आम्ही वेगळ्या पातेलीत करतो. पातेलीवर झाकण होतं. काढलं, तर खिचडी तशीच, वर भुरभुरलेलं खोबरंही हललेलं नव्हतं.

“मला वाटलं, आज त्यांनी मागवलंच नाही,” कमल म्हणाली. कमल माझ्याकडे रांधते आणि डबे भरते. “‘कूट नाही’ अशी चिठ्ठी आलीच नाही, ताई. सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘कूट हो’.” मग जरा थांबून म्हणाली, “पोलीस येतील का?”

“माणूस मेला तर येतील,” मी म्हटलं आणि चपला घातल्या.

कूट म्हणजे भाजलेल्या दाण्यांचं कूट. हे मराठी माणसाला सांगायला नको असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

इस्पितळात जत्रा होती. दिल्लीत नवरात्राच्या उपवासाला कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या खातात. ते काळपट पीठ लवकर खराब होतं, दुकानदार जुनं खपवतात, आणि दर नवरात्रात माणसं ओकत दवाखान्यात येतात. त्या दिवशीही एका भिंतीला अशा लोकांची रांग बसलेली होती, आणि त्या रांगेच्या शेवटी ताम्हणकर. ओठ सुजलेले, मान पुढे काढून श्वास ओढत होते. शेजारी बन्सी त्यांचा चष्मा हातात धरून उभा.

“यहाँ क्यों बिठाया?” मी ओरडलेच.

“मैंने बोला, साहब ने कूट खा लिया है,” बन्सी म्हणाला. माझ्याकडे राहून तो आमचे शब्द बोलतो. “तो बोले, कुट्टूवाले उधर लाइन में.”

मी पडद्यामागे घुसले. एक तरुण डॉक्टरीण कुणाच्या तरी हाताला सलाइन लावत होती. “मैडम, कुट्टू नहीं, मूंगफली,” मी म्हटलं. “लाइन में जो आखिरी बैठे हैं, उनका मूंगफली से गला बंद होता है. पहले भी हुआ है.”

तिनं पडद्याबाहेर मान काढून पाहिलं आणि मला दुसरा प्रश्न विचारला नाही. दोघांनी उचलून ताम्हणकरांना आत नेलं, मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर मास्क लावला. थोड्या वेळानं ती बाहेर येऊन म्हणाली, “वेट कीजिए. एक डोस से उतरता है कि नहीं, देखते हैं. कभी-कभी उतरके फिर चढ़ता है.”

ते आत आणि आम्ही बाहेर बाकावर. तेवढ्या वेळात माझं काम काय आहे ते सांगून टाकते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकीणबाईंनी माझ्याकडे पाककृती मागितल्या होत्या. पाककृती आता सगळ्यांच्या फोनवर आहेत. मी हे लिहिते आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. यजमान कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते. ते गेल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून मी डबे सुरू केले. दिल्लीत मराठी माणूस बदलीवर येतो, कुटुंब मागे ठेवतो आणि पहिल्या महिन्यातच राजम्याला कंटाळतो. ती माझी गिऱ्हाइकं. कँटोनमेंटातल्या जवानांच्या बायकाही मागवतात, बाळंतपणात किंवा सासू यायची असली की. सासूला सांगतात मीच केलं. मला काय, माझ्या डब्यावर नाव नसतं.

तऱ्हा तर विचारू नका. एका साहेबांना रोज वरणभात हवा असायचा, पण ऑफिसात डबा उघडल्यावर वरच्या कप्प्यात पनीर दिसलं पाहिजे. पनीर ते खात नसत. शिपायाला देत. शिपाई एकदा मला भेटून म्हणाला, “माताजी, पनीर थोड़ा मसालेदार भेजा करो.”

लोकांना वाटतं डब्याचं काम म्हणजे स्वयंपाक. स्वयंपाक कुणालाही येतो. काम असतं ते कुणाला काय नको हे सांभाळण्याचं. याला लसूण नको, त्याला भात नको, तिसऱ्याला गुरुवारी कांदा नको. पूर्वी हे मी तोंडपाठ ठेवायचे, आणि मी चुकायचे. एका जैन बाईंना मी लसणाची चटणी पाठवली होती. त्यांनी ती परत पाठवली, डब्यासकट, आणि पुन्हा आल्या नाहीत. तेव्हा जुनं ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.

मग अनघानं मला इंटरनेटवर एक पान करून दिलं. अनघा म्हणजे आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी. आता चाळिशीला आली, नोएडात कंपनीत काम करते. दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली. मराठी बोलते, पण फोडणीला तडका म्हणते आणि डावाला बडा चम्मच. तिच्या पानावर गिऱ्हाइकानं एकदा आपलं सगळं लिहून ठेवायचं. रोज बटण दाबलं की माझ्याकडच्या मशिनीतून चिठ्ठी निघते. वर क्वार्टरचा नंबर, खाली काय हवं, काय नको. कांदा नाही. कूट हो. कमल चिठ्ठी वाचून भरते. बन्सीला नंबर कळतो. नाव लागत नाही. तीन वर्षं एकही डबा परत आला नव्हता.

त्या नवरात्रात आजूबाजूचे हिंदी लोकही व्रताची थाळी मागायला लागले. पहिल्या दिवशी फोन घेता घेता माझा कान दुखला. मी अनघाला म्हटलं, हेही तुझ्या पानावर घाल. तिनं अष्टमीच्या आदल्या दिवशी घातलं. थाळीत आमची खिचडी, बटाट्याची भाजी, दही आणि दिल्लीच्या रिवाजाप्रमाणे कुट्टूच्या पुऱ्या. ताम्हणकरांना अष्टमीचा उपवास असतो. त्यांनी बटण दाबलं.

अनघाला मी इस्पितळातून फोन केला होता. ती नोएडाहून टॅक्सीनं आली, गळ्यात ऑफिसचा पट्टा तसाच.

“मावशी, कसे आहेत?”

“मास्क लावलाय. तू आधी ते पान बंद कर. संध्याकाळचे डबे त्यावरून निघायचेत.”

तिनं उभ्या उभ्या ते बंद केलं. मग बाकावर माझ्या आणि बन्सीच्या मध्ये बसून लॅपटॉप उघडला आणि वर-खाली वाचत राहिली.

“त्यांच्या नावापुढे तर ‘नाही’च आहे,” ती म्हणाली. “ताम्हणकर, कूट, नाही. बिल्कुल बरोबर आहे.”

“मग चिठ्ठीवर हो कसं आलं?”

“तेच बघतेय ना, मावशी.”

बन्सीला गप्प बसवत नाही. “मैडम, यहाँ भी यही गड़बड़ हुई,” तो म्हणाला. “मैंने बोला कूट, इन्होंने सुना कुट्टू. साहब को उल्टीवालों के साथ बिठा दिया.”

अनघाची बोटं थांबली. ती माझ्याकडे वळली. “तर त्यात गलत काय आहे? कूट म्हणजे कुट्टूच ना? शॉर्टमध्ये?”

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे.

“कूट म्हणजे दाण्याचं कूट,” मी म्हटलं. “तुझी आई काकडीच्या कोशिंबिरीत काय घालते?”

“रायत्यात? पीनट पावडर.”

“ते कूट.”

“अच्छा,” ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. बन्सीनं तिच्यासाठी पाणी आणलं. ती रडत होती, पण आवाज न करता. मी तिला रडू दिलं. आत माणूस कसा आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग तिनं मला समजावलं. मला कळलं तसं लिहिते, कारण चूक नुसत्या शब्दाची नव्हती.

त्या पानाच्या मागे पीएचपी नावाची भाषा आहे. तिच्यात एकेका कामाचा एकेक तुकडा लिहितात, त्याला फंक्शन म्हणतात. माझ्या पानात एक फंक्शन गिऱ्हाइकाची माहिती काढतं, दुसरं आजची थाळी ठरवतं, तिसरं चिठ्ठी छापतं. स्वयंपाकघरातल्या तीन बायका समजा. प्रत्येकीला लक्षात ठेवायला डब्या लागतात. डबीवर नाव असतं, आत आत्ता काय आहे ते बदलत राहतं. त्या डबीला व्हेरिएबल म्हणतात.

भाषेचा मूळ नियम चांगला आहे. ज्या बाईनं डबी काढली, तिलाच ती दिसते. काम संपलं की डबी जाते. दुसरीच्या डबीवर तेच नाव असलं तरी ती वेगळी डबी, एकमेकींचा संबंध नाही. पण मग पहिलीनं काढलेली माहिती तिसरीला कशी मिळायची? त्याचा एक सोपा रस्ता आहे. डबी मधल्या फळीवर ठेवायची आणि प्रत्येकीच्या कामात आधी लिहायचं, ‘ग्लोबल’. म्हणजे ही डबी माझी नाही, फळीवरची आहे, मीही तिच्यात हात घालणार. अनघानं कूट नावाची डबी फळीवर ठेवली होती. पहिलीनं भरायची, तिसरीनं बघून छापायचं. मधली तिला हात लावत नव्हती, म्हणून तीन वर्षं सगळं ठीक चाललं.

अष्टमीच्या आदल्या दिवशी अनघानं मधलीला व्रताची थाळी शिकवली. पुऱ्यांसाठी कुट्टू हो असं कुठेतरी लिहायला हवं होतं. तिनं पाहिलं, फळीवर कूट नावाची डबी आहेच. वा, सोपं झालं. मधलीच्या कामात ग्लोबल लिहिलं, आणि व्रत असेल तर डबीत ‘हो’ टाकायला सांगितलं. त्या दिवशी पहिलीनं ताम्हणकरांचं ‘नाही’ भरलं, मधलीनं ते काढून ‘हो’ भरलं, तिसरीनं छापलं. तिघींनी आपापलं काम चोख केलं.

“पण माझे लोक रोज कूट हो लिहितात, ते तुला विचित्र नाही वाटलं?” मी विचारलं. “रोज कुट्टू कोण खातं?”

“वाटलं होतं,” अनघा म्हणाली. “मी म्हटलं, महाराष्ट्रात खात असतील.”

“आणि ताम्हणकर नाही म्हणतात, ते?”

“ते मला नॉर्मल वाटले, मावशी. यूपी-दिल्लीच्या लोकांसारखे. एरवी नाही खात, व्रताला खातात.”

मला हसू आलं. अशा जागी यायला नको होतं, पण आलं. बन्सीही हसला. अनघा नाही हसली.

तेवढ्यात पडदा हलला आणि ती डॉक्टरीण बाहेर आली. आम्ही तिघंही उभे राहिलो. माझे गुडघे एरवी असे चटकन उठत नाहीत.

“चश्मा किसके पास है?” ती म्हणाली. “आपके साहब चश्मा माँग रहे हैं.”

चष्मा बन्सीच्या हातातच होता. घामानं काचा पार खराब झाल्या होत्या. त्यानं शर्टाला पुसून दिला. मी बाकावर बसले आणि कमलला फोन लावला. “पोलीस येणार नाहीत,” म्हटलं. पलीकडून तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं, मग कुकरची शिट्टी.

सूज पुन्हा चढेल का हे पाहायला ताम्हणकरांना सकाळपर्यंत ठेवलं. चढली नाही. दुसऱ्या दिवशी अनघा आणि मी त्यांना घरी सोडायला गेलो. तिचं म्हणणं होतं, सांगायचं ते तिनंच सांगायचं. क्वार्टरात त्यांना खुर्चीत बसवलं आणि तिनं उभ्यानं सगळं सांगितलं. शब्दाचं, फळीचं, डबीचं. माफीही मागितली, हिंदीत. मराठीत तिला धड शब्द मिळाला नसावा.

ताम्हणकरांचा आवाज अजून घोगरा होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. “म्हणजे असं बघा,” ते म्हणाले, “एका विभागानं फायलीवर ‘नाही’ लिहिलं. दुसऱ्या विभागानं तीच फाइल दुसऱ्याच विषयाची समजून त्यावर ‘हो’ लिहिलं. तिसऱ्यानं सर्वांत वरचा शेरा बघून ऑर्डर काढली.”

“बिल्कुल तसंच, काका.”

“आमच्याकडे रोज होतं. फक्त आमच्या ऑर्डरी कुणी खात नाही.” मग माझ्याकडे वळून, “बाई, खिचडी मात्र उत्तम होती. दोन घासांत कळलं, म्हटलं आज काहीतरी वेगळी चव आहे. कुटाची खिचडी अशी लागते तर.”

“आता विसरा ती,” मी म्हटलं.

“विसरायचं म्हणतोय. पण तुम्ही सगळे लोक काय खाता, ते एकदा समजलं.”

अनघा हसली. अष्टमीनंतर पहिल्यांदा.

पान दहा-बारा दिवस बंद होतं. तेवढे दिवस कमलनं आणि मी पाठांतरावर काढले, आणि कारलं न खाणाऱ्या एका पंजाबी बाईंकडे कारल्याचा डबा गेला. पान लवकर उघडलं तर बरं असं मलाच झालं होतं. मी अनघाला म्हटलं, “दोन डब्या कर, एकीवर कूट लिही, एकीवर कुट्टू, आणि उघड.”

“नाही, मावशी,” ती म्हणाली. “नाव बदलून मी आज वाचेन. उद्या तुम्ही तिसरी कुठली चीज सांगाल, तिचा अर्थ मला कळणार नाही, आणि मी परत त्याच फळीवर हात घालीन.”

तिनं फळीच काढली. आता प्रत्येक फंक्शनच्या नावापुढे कंस असतो आणि त्याला जे लागतं ते त्या कंसातून त्याच्या हातात द्यायचं. त्यानं काम करून झालेलं हातातच परत करायचं. मधली बाई पुऱ्या ठरवते, तिला दाण्याची डबी दिसतच नाही. आणि जे नको म्हणून एकदा लिहिलं, ते त्या डब्यापुरतं पुढे कुणाला बदलताच येत नाही. काही गोष्टी फळीवर राहिल्या आहेत. आजची तारीख, माझा फोन नंबर. त्या सगळ्यांना एकच असतात, आणि त्यांनी कुणाचा घसा सुजत नाही.

चिठ्ठीवरही आता कूट हा शब्द नाही. ‘शेंगदाणा’ असं पूर्ण छापतं, खाली ‘मूंगफली’. बन्सीसाठी, आणि दवाखान्यासाठी. अनघा नवीन काही लिहायला बसली की मला फोन करते. परवा विचारत होती, “मावशी, मेतकूटमध्ये पीनट असतं का?” मी म्हटलं, नसतं. ती म्हणाली, “मग त्याला कूट का म्हणतात?” मला सांगता आलं नाही. पण विचारलं हे बरं झालं.

एक राहिलं. बन्सीची स्कूटर. तिला कधीपासून किक घेताना दम लागतो, आणि मी वर्षभर त्याच्या मागे लागले होते की मेकॅनिकला दाखव. त्या दुपारी ती पहिल्या किकला चालू झाली असती तर तो पुढच्या क्वार्टरला गेला असता आणि थाळी ऐकायला खाली कुणी नसतं. बन्सी आता हे मला ऐकवतो. स्कूटर त्यानं अजून दाखवलेली नाही, आणि माझ्याकडे बोलायला तोंड राहिलेलं नाही.

ताम्हणकर वाचले. आर. के. पुरमलाच आहेत, डबा अजून माझ्याकडूनच जातो. काल त्यांनी फोन करून सांगितलं, भाजी खारट झाली होती. झाली होती.